मजकुरात नसलेला पाणघोडा

आमच्या घरात बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आबांनी तपासल्याशिवाय आत जात नाही. आबा म्हणजे माझे सासरे. उभी हयात त्यांनी बंदरावर, बोटीतून उतरणाऱ्या लोकांच्या पेट्या उघडण्यात घालवली. पेटी उघडायची, तळापर्यंत हात घालून चाचपायची आणि माणसाने सांगितलेला माल आतल्या मालाशी जुळला की झाकणावर खडूने खूण करायची. एक आखूड रेघ, तिला लांब तिरकं शेपूट आणि खाली टिंब. नोकरी संपली, पण खडू काही संपला नाही. भाजीची पिशवी, औषधाचं खोकं, शेजारणीने परत केलेली कात्री, सगळ्यांवर ती खूण असते. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बॅगेवरही झाली होती. नवरा म्हणाला, "सुटलीस. काहींना परत पाठवलंय त्यांनी."

मी तेव्हा हसले होते. पुढे हसू कमी कमी होत गेलं, कारण एक तपासनीस घरात असताना दुसरा आला की खटके उडणारच. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. कोणाची दांडी वाकडी आहे, कोणाचं भिंग खरवडलंय, कोण नंबर वाढलाय हे कबूल करत नाही, हेच दिवसभर बघायचं. त्यामुळे साधं सरळ काही माझ्या डोळ्यांना दिसतच नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. असेलही. पण माझ्या मनात पाल चुकचुकते तेव्हा ती उगीच चुकचुकत नाही.

या वर्षी ती चुकचुकली ती पुस्तकांवरून. माझी मुलगी दुसरीत आहे. पेन्सिल, कॉलर, नखं, काहीतरी सतत कुरतडत असते म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. शाळेतल्या वाचनाच्या बाई वर्गातल्या वाचनाच्या कोपऱ्यातून दर आठवड्याला मुलांना एकेक चित्रांचं पुस्तक घरी देतात. मी संध्याकाळपर्यंत दुकानात आणि नवरा पाळीवर, त्यामुळे खारूचं पुस्तक आधी आबांकडे जायचं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पुस्तक उलटं धरून झटकायचे, पानं चाळायचे, मागच्या बाजूला खूण करायचे आणि मग ते खारूला मिळायचं. गेलं वर्षभर हे सुरळीत चाललं होतं. आता अचानक पानांना काळे चिमटे लागायला लागले.

"हे काय गं?" मी खारूला विचारलं.

"आबांनी बंद केलंय. आत लपवलेला माल आहे म्हणाले."

मी चिमटा काढून बघितलं. स्वयंपाकघर, चुलीपाशी बसलेली एक आजी आणि तिच्या पायाशी मांजर. मी पान उजेडात धरलं, उलटं करून बघितलं, पण वावगं काही सापडेना. तशीच उठून आबांकडे गेले.

"आबा, या पानात वाईट काय आहे?"

"वाचलंस?"

"वाचलं. आजी चुलीपाशी बसली, असं लिहिलंय."

"आणि चित्रात?"

"आजी, चूल, मांजर."

"मांजर लिहिलंय कुठे?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेष्टेचा लवलेश नव्हता.

"सांगितलेलं नाही आणि उघडल्यावर आत सापडतं," आबा म्हणाले, "अशा मालाला आमच्याकडे एकच नाव होतं."

मला वाटलं, हे मुद्दाम चाललंय. घरात माझ्या हातची एक गोष्ट त्यांना धड वाटत नाही, आता पोरीच्या वाचनातही नाक खुपसायचं ठरवलंय. त्यात त्याच सुमाराला घरातून वस्तू गायब व्हायला लागल्या. चाळणी गेली. टीव्हीचा रिमोट गेला तो गेलाच. मी मालिका बघायला बसते त्याच वेळी आबांना बातम्या हव्या असतात, तेव्हा रिमोट कोणी दडवला हे कळायला माझ्यासारखी चष्मेवाली कशाला हवी? मी विचारलं तर म्हणाले, "मला काय करायचाय तुझा रिमोट?" आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

एकदा वाटलं, डोळ्यांची भानगड असेल. दुकानातून तपासायचा तक्ता घरी आणला, भिंतीला टांगला आणि आबांना समोर बसवलं. त्यांनी शेवटची ओळ वाचली. वर तक्त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलं. डोळे ठणठणीत होते. म्हणजे कुठेतरी दुसरीकडेच पाणी मुरत होतं.

एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून मी लवकर घरी आले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आबांचा आवाज आला, "हा कोण?"

"पाणघोडा," खारू म्हणाली.

"काय करतोय?"

"कपाटात बसलाय."

पान उलटल्याचा आवाज. मग पुन्हा, "हा कोण?"

"पाणघोडा, आबा."

मी दार ढकललं तशी दोघंही गप्प झाली. रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं की तुझे वडील पोरीची उलटतपासणी घेतात. त्याला हसू आलं. म्हणाला, "त्यांची कामाची पद्धतच ती. तोच प्रश्न दोनदा विचारायचा. उत्तर बदललं की पेटी उघडायची. मला लहानपणी शाळेतून आल्यावर असंच विचारायचे."

"आणि पेटीत खरंच काही निघालं की?"

"तोंड बघायचे. दोन तऱ्हेची तोंडं असतात म्हणायचे. एक, ज्याने माल लपवलाय त्याचं. दुसरं, आपल्या पेटीत हे होतं हेच ज्याला माहीत नसतं त्याचं. दुसऱ्याला आबा खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे. ओरडायचे नाहीत."

खारूला विचारलं, तर ती पेन्सिल चावत म्हणाली, "आबा मला रोज तेच विचारतात. मज्जा येते." पोर साधी. मला मात्र वाटलं, तिच्या तोंडून बाईंविरुद्ध काहीतरी वदवून घेण्याचा घाट आहे. माझा अंदाज अगदीच खोटा ठरला नाही. पुढच्याच आठवड्यात आबा इस्त्रीचा सदरा घालून शाळेत गेले आणि हेडसरांकडे त्या पुस्तकाची तक्रार करून आले.

ते पाणघोड्याचं पुस्तक मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. एक कुटुंब घर बदलतं. मजकूर सगळा सामानाचा. 'आम्ही लागेल तेवढंच बरोबर घेतलं.' 'गादी गुंडाळली.' 'कपाट हलकं होतं.' आणि प्रत्येक चित्रात एक भला मोठा पाणघोडा, कधी कपाटात, कधी गुंडाळलेल्या गादीत, कधी ट्रकमधल्या टपात. त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. मला बघताक्षणी हसू फुटलं. तेवढ्यात आठवलं की आपल्याला राग आलेला आहे.

आबांच्या तक्रारीची बातमी पालकांत पसरली आणि ज्याला त्याला आपापला पाणघोडा दिसायला लागला. एका मुलाच्या आईने सांगितलं की हे पुस्तक वाचल्यापासून तिच्या मुलाने रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू कपड्यांच्या कपाटात आणून ठेवलं आणि चार दिवस कोणाला पत्ता लागू दिला नाही. मुलं आईबापांपासून गोष्टी लपवायला शिकतायत, असं ती म्हणाली. कोणाला एका पुस्तकातलं वडील नसलेलं घर खटकलं, कोणाला पोहणारी उघडी मुलं. हेडसरांनी सभा बोलावली. तोवर शाळेच्या फाटकात उभं राहून बोलणाऱ्यांनी निकालही लावून टाकला होता. वाचनाचा कोपरा बंद करायचा आणि प्रत्येक पुस्तक पालकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मुलांच्या हाती द्यायचं नाही.

सभेच्या आधी बाई माझ्या दुकानात आल्या. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. मी तो पिळत असताना म्हणाल्या, "मला दर खेपेला एका वर्षापुरतंच ठेवतात. ते सुद्धा या कोपऱ्यासाठी. तो बंद झाला की मीही बंद."

वयाने लहान होत्या. केसांत पेन्सिल खोचलेली, बोटांना डिंक. मला त्यांची दया आली, आणि आबांचा राग तर होताच. दोन्ही एकत्र आलं की माझं डोकं भराभर चालतं.

"ते पाणघोड्याचं पुस्तक खारूने गेल्या वर्षी आणलं होतं का?"

त्यांनी आठवून पाहिलं. "आणलं होतं. तिला सोडवतच नव्हतं, पुन्हा मागून नेलं होतं."

"मग त्याच्या मागे खडूची खूण असणार. आबांची. पुसली गेली नसेल तर."

"पुसायची कशी? सुट्टीत मी सगळ्या पुस्तकांना प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय. खाली असेल तर असेलच."

"आत्ता बघू नका," मी चष्मा त्यांच्या नाकावर बसवत म्हटलं. "त्यांना आधी बोलू द्या. मग सगळ्यांसमोर उलटं करून दाखवा."

त्या जरा कचरल्या. मला मात्र त्या दिवशी चहा गोड लागला. गेल्या वर्षी स्वतःच पास केलेला माल आज पकडतात काय? आबांना एकदा सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेलं बघायची मला इच्छा होती, हे मी लपवत नाही.

सभा दुसरीच्या वर्गात होती. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मागच्या कोपऱ्यात, ज्याच्यावरून सगळं चाललं होतं त्याच सतरंजीवर, मुलं पुस्तकं घेऊन लोळत होती आणि खारू एका पुस्तकाचा कोपरा चावत होती. पिल्लूवाल्या आईने सुरुवात केली. एक वडील उठले, म्हणाले, "मुलं काय वाचतात हे आधी आम्हाला कळायला नको का?" त्यात काही चूक नव्हतं. बाई म्हणाल्या, "कळायला हवंच. पण आधी वाचून झाकून ठेवू नका. शेजारी बसून वाचा. मूल कुठे हसतं, कुठे थांबतं, ते तिथेच कळतं." कोणीतरी म्हणालं की आम्हाला तेवढा वेळ असता तर शाळेत कशाला घातलं असतं. हशा झाला. बाई खाली बघायला लागल्या.

मग आबा उठले. काय उभे राहिले होते ते. ताठ, सदऱ्याची घडी न मोडलेली, पुस्तक दोन्ही हातांत. वर्गातली कुजबुज थांबली.

"मी उभा जन्म माल तपासला," ते म्हणाले. "माल चांगला की वाईट हा माझा प्रश्न नव्हता. सांगितलंय तेच आत आहे का, एवढाच प्रश्न. या पुस्तकात एक प्राणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रवास करतो आणि मजकुरात त्याचा उल्लेख नाही. ही लबाडी आहे. असलं पुस्तक माझ्या हाताखालून कधी गेलं नसतं."

माना हलल्या. हेडसरांनीही हलवली. मी बाईंकडे बघितलं.

बाई पुढे झाल्या, त्यांनी पुस्तक आबांच्या हातातून हळूच घेतलं आणि उलटं केलं. "आबा, हे तुमच्याच हाताखालून गेलंय. गेल्या वर्षी."

प्लॅस्टिकखाली खूण स्वच्छ दिसत होती. आखूड रेघ, लांब शेपूट, खाली टिंब. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी आबांच्या तोंडाकडे बघितलं. आता चेहरा पडेल, मग ते सारवासारव करतील, मग रागावतील, असं सगळं मी मनात योजून ठेवलं होतं.

"ही माझी खूण नाही," आबा म्हणाले. "हे पुस्तक मी या वर्षीच बघितलंय."

"आबा, असं काय करता?" सतरंजीवरून खारूचा आवाज आला. "गेल्या वर्षी तुम्ही पाणघोडा झाला होतात. खुर्चीत बसून जांभया देत होतात. हसून हसून मला उचकी लागली होती."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगठ्याच्या नखाने ती खूण खरवडायला सुरुवात केली. प्लॅस्टिकवरून. खूण पुसली जाईना, ते खरवडत राहिले. त्यांनी मान वर केली तेव्हा मला त्यांचं तोंड दिसलं. ते दुसऱ्या तऱ्हेचं तोंड होतं. आपल्या पेटीत हे होतं हेच ज्याला माहीत नसतं, त्याचं.

चाळणी, रिमोट, चिमटे, 'हा कोण?' आणि पान उलटून पुन्हा 'हा कोण?'. ती उलटतपासणी नव्हतीच. ते खरंच विचारत होते. पोरीला खेळ वाटत होता आणि मला डाव. मुंगीएवढी अक्षरं वाचणाऱ्या माणसाला काय दिसत नाही, हे माझ्या तक्त्यावर नव्हतं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. अजून थोडा वेळ गेला असता तर मला कळलं ते सगळ्यांना कळलं असतं.

"ती खूण मी केलीय," मी उभी राहून म्हणाले.

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"गेल्या वर्षी. आबा सगळं फार बारकाईने बघतात, पुस्तक अडकून पडतं, खारू रडते. म्हणून त्यांचा खडू घेतला आणि खूण मारून दिलं तिला. आबांनी ते कधी बघितलंच नव्हतं." मी एका दमात बोलत होते. "पाणघोडाबिणघोडा आमचा घरचा खेळ आहे, पोरीची गफलत होतेय. हा आमच्या घरातला वाद आहे, सर. सासऱ्यांचा आणि सुनेचा. त्यात बाईंना ओढायचं कारण नाही. आमची तक्रार आम्ही परत घेतो."

खारूने तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुस्तकाचा कोपरा पुन्हा तोंडात घातला.

पिल्लूवाली आई शेजारणीला म्हणाली, "बघितलंत? घरोघरी हेच." ते मला ऐकू यावं अशाच बेताने. जाऊ दे. मी कशी आहे याची मला कायम घमेंड होती. तोंडाने फटकळ, पण खोट्याला थारा नाही. ती घमेंड त्या बाकावर ठेवून आले. हेडसरांना घरगुती भांडण म्हटल्यावर सुटल्यासारखं झालं. कोपरा तूर्त चालू राहावा आणि पालकांनी जमेल तसं येऊन मुलांशेजारी बसावं, बाकीचं पुढच्या सभेत बघू, असं ठरलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कितपत कळलं मला माहीत नाही. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

घरी येताना खारू पुढे उड्या मारत चालली होती. आबा माझ्याबरोबर होते. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी ते थांबले.

"तू खोटं बोललीस."

"हो."

"एका दमात बोललीस. खरं बोलणारा मधे थांबतो." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "मग खूण कोणाची?"

मला सांगवेना. पण हा माणूस आयुष्यभर उत्तरं तपासत आलेला. त्याला दुसरं खोटं काय देणार?

"तुमचीच, आबा."

त्यांनी मान डोलावली. दुकानदार चाकात हवा भरत होता, ते आबा बघत राहिले. "टिंबावरून कळलं मला," ते म्हणाले. "टिंब कसं काढायचं ते मी कोणाला दाखवत नाही." मग चालायला लागले. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी सवय नाही.

रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाला, "आपण दाखवू त्यांना. डॉक्टरांना." मग म्हणाला, "मला कसं दिसलं नाही?" माझ्याकडेही तोच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघण्याच्या गडबडीत होते. आबांची फिरायला जायची वेळ. चपला घातल्याचा आवाज आला, पण दार उघडल्याचा आला नाही. मी बाहेर आले. ते दाराशी उभे होते. खांद्यावरची कापडी पिशवी काढून त्यांनी दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडून माझ्यासमोर धरलं होतं. उजव्या हाताच्या बोटांत खडूचा तुकडा होता.

मग मी खडू घेतला.

"काय काय आहे?" मी विचारलं. त्यांच्या पद्धतीनेच.

"छत्री. किल्ली. रुमाल."

मी पिशवीत हात घातला, तळापर्यंत. छत्री होती. रुमाल होता. किल्ली नव्हती. तळाशी टीव्हीचा रिमोट होता. मी तो काढून माझ्या पदराखाली धरला, खुंटीवरची किल्ली काढून पिशवीत टाकली आणि घराचा पत्ता लिहिलेला एक कागद रुमालाच्या घडीत सरकवला. आबा समोरच्या भिंतीकडे बघत उभे होते, पेटी उघडली जात असताना माणसं उभी राहतात तसे.

"बरोबर आहे सगळं," मी म्हटलं, आणि पिशवीवर खूण केली. आखूड रेघ, लांब शेपूट. आबांनी खाली वाकून ती बघितली, माझा हात धरला आणि खडू टेकवून खाली टिंब काढायला लावलं.